सॉग्रासचं सतरावं होल: बेट पाण्यात टाकलं, की पाणी बेटाभोवती आणलं?

सिव्हिल_तिसरं_वर्ष

नमस्कार. मी नागपुरात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महिन्याअखेर सेमिनार द्यायचा आहे, विषय मातीकाम आणि निचरा. वर्गातल्यांनी धरणं, मेट्रोचे खांब, समृद्धी महामार्गाचे भराव असं वाटून घेतलं. मी घेतलंय फ्लोरिडातलं टीपीसी सॉग्रास, म्हणजे गोल्फचं मैदान. यादीत नाव लिहिलं तेव्हा गाइड सर म्हणाले, "हे बागकाम झालं, यात सिव्हिल कुठे आहे?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून टोचतंय.

विषय का घेतला ते सांगते. २०२२ च्या मार्चमध्ये मी अकरावीत होते. त्या वर्षी सॉग्रासच्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये पावसाने असा घोळ घातला की गुरुवारी सुरू झालेली पहिली फेरी शनिवारी संपली आणि स्पर्धेचा निकाल सोमवारी लागला. भारताचा अनिर्बान लाहिरी शेवटच्या होलपर्यंत झुंजला आणि एका फटक्याने दुसरा आला. आमच्या घरी गोल्फमधलं कोणालाच काही कळत नाही. बाबांचं काटोलकडे संत्र्याचं वावर आहे. पण लाहिरीचा जन्म पुण्याचा, हे पेपरात वाचून ते रात्री टीव्हीसमोर बसून राहिले, म्हणून मीही. सतराव्या होलवर कॅमेरा वरून फिरला. सगळीकडे पाणी आणि मध्ये हिरवा ठिपका. बाबांनी विचारलं, "हे बेट पाण्यात टाकलं, की पाणी बेटाभोवती आणलं?"

तोच माझा प्रश्न आहे. तिथे दलदल होती, जमीन एका डॉलरला घेतली, पहिल्या वर्षी खेळाडू भडकले, एवढं वाचलंय. पण माती कुठून काढली, कुठे टाकली, आणि बेट नेमकं त्याच जागी का, हे कोणी मातीकामाच्या अंगाने सांगू शकेल का? कोणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर फारच बरं होईल.

---

निवृत्त_कालवेवाला

बेटा, तुझ्या बाबांनी प्रश्न नेमका विचारला. उत्तर असं आहे की आधी तिथे तो तलावही नव्हता आणि बेटही नव्हतं. तिथे खदान होती.

मी जलसंपदा खात्यात चौतीस वर्षं काढली, बहुतेक भंडारा-चंद्रपूर पट्ट्यात, कालवे आणि लहान तलाव. मुलगी जॅक्सनविलला असते. २०१९ च्या मार्चमध्ये तिने स्पर्धेच्या आधीच्या सरावाच्या दिवसाचं तिकीट काढलं आणि मला सॉग्रासला नेलं. सतराव्याच्या समोरच्या गवताळ उतारावर मी तीन तास बसलो. आजूबाजूचे लोक चेंडू बघत होते. मी त्या उताराचा कोन बघत होतो, पाण्याची पातळी बघत होतो, आणि ही सगळी माती कुठून आली असेल ते शोधत होतो. घरी येऊन मग त्यावर मिळेल ते वाचलं.

आधी जागा समजून घे. पॉन्टे विड्रा बीच, जॅक्सनविलच्या आग्नेयेला, समुद्र अगदी जवळ. सॉग्रास म्हणजे करवतीसारख्या कडांचं, पाणथळीत वाढणारं उंच लव्हाळं. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं. जिथे हे उगवतं तिथली जमीन कशी असेल, तुला वेगळं सांगायला नको. साप, मगरी, काळा सडका गाळ, आणि हात-दोन हात खणलं की पाणी.

डीन बीमन स्वतः व्यावसायिक खेळाडू होते. १९७४ मध्ये ते पीजीए टूरचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचे, कमिशनर झाले आणि त्याच वर्षी ही स्पर्धा सुरू झाली. पण तिला स्वतःचं घर नव्हतं. पहिली तीन वर्षं तीन वेगळ्या गावी झाली. १९७७ पासून ती रस्त्यापलीकडच्या सॉग्रास कंट्री क्लबवर आली. ते मैदान विकत घ्यायचा बीमन यांचा प्रयत्न जमला नाही. तेव्हा त्यांनी समोरची ४१५ एकर दलदल घेतली, एका डॉलरला. विकणाऱ्यांचं डोकं फिरलं नव्हतं. आजूबाजूची बरीच जमीन त्यांचीच होती, आणि तिथे मोठी स्पर्धा आली की तिचा भाव चढणार हे त्यांना ठाऊक होतं. मिहानची घोषणा झाल्यावर वर्धा रोडच्या जमिनींचं काय झालं, ते बाबांना विचार. हिशेब लगेच समजेल.

आरेखन पीट डाय यांचं. हा माणूस मैदानं बांधायला लागण्याआधी इंडियानापोलिसला आयुर्विमा विकायचा. १९६३ मध्ये पीट आणि त्यांची पत्नी ॲलिस स्कॉटलंडची जुनी मैदानं बघून आले. तिथे प्रेस्टविकला त्यांनी वाळूच्या खड्ड्यांच्या कडा रेल्वेच्या लाकडी स्लीपरने धरून ठेवलेल्या पाहिल्या, आणि ती युक्ती पुढे आयुष्यभर वापरली. सतराव्या ग्रीनच्या, म्हणजे चेंडूचं भोक असलेल्या बारीक गवताच्या तुकड्याच्या, भोवती पाण्यालगत जी लाकडी भिंत दिसते, तिचं मूळ तिथे आहे. आपण तिला रिटेनिंग वॉल म्हणू. नागभीड लाइनचे जुने स्लीपर लोक विहिरीच्या काठाला लावायचे, ते मी लहानपणी पाहिलंय, त्यामुळे ती भिंत मला लगेच ओळखू आली.

आता मातीकाम. जमीन आणि भूजल यांच्यात जेमतेम अंतर असलं की तुझ्यापुढे दोनच वाटा. पाणी खाली न्यायचं किंवा जमीन वर उचलायची. डाय यांनी एकाच खोदाईत दोन्ही साधलं. जागोजागी लांबट तळी खोदली. पाण्याला जायला जागा झाली, आणि निघालेली माती खेळपट्ट्यांखाली भरली, म्हणजे फेअरवे पाण्यापासून वर आले. तुझ्या वहीत कटिंग-फिलिंगचा जो तक्ता असतो, तोच इथे मैदान होऊन पसरलाय. पाणी दिसलं की समज, तिथून माती निघाली. उंचवटा दिसला की समज, तिथे ती पडली.

आणि उरलेली माती? ती प्रेक्षकांसाठी. बीमन यांना असं मैदान हवं होतं की हजारो माणसं एका वेळी खेळ नीट बघू शकतील. तोवर गोल्फमध्ये सपाट जमिनीवर पुढच्याचं डोकं बघत उभं राहावं लागायचं. आपल्याकडे शंकरपट बघायला लोक धुऱ्यावर चढतात, तसे इथे होलच्या कडेने मातीचे मोठे उतार बांधले. म्हणून त्याचं नाव स्टेडियम कोर्स. बांधकाम १९७९ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये मैदान खुलं झालं. खेळण्याआधी बघण्याचा विचार करून बांधलेलं हे मैदान. मला यातलं सगळ्यात मोठं शहाणपण इथे दिसतं. टाकाऊ माती बाहेर वाहून न्यायची तर लीडचा, म्हणजे वाहतुकीच्या अंतराचा, खर्च. तीच जागेवर पसरली तर बैठक तयार.

आता बेटाकडे येऊ. मूळ नकाशात सतरावं होल साधं होतं, एका बाजूला लहानसं तळं असलेलं पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल. पण खोदताना अडचण आली. बहुतेक जागी वरची माती सेंद्रिय गाळाची, जिच्यात पाणी थांबतं. गवत धरायचं तर वाळू हवी. आणि चांगली वाळू सापडली ती नेमकी सतराव्याच्या आसपास. मग काय, जिथे वाळू लागेल तिथे इथूनच उचल. लीड कमी, माल चांगला, कोणताही अभियंता हेच करील. मैदान पुढे सरकत गेलं आणि हा खड्डा वाढत गेला, इतका की होल बसवायला जागा उरली नाही. तेव्हा ॲलिस यांनी सुचवलं की खड्डा पाण्याने भरू दे आणि ग्रीन मध्ये बेटावर ठेव. ही कल्पना त्यांनी आकाशातून काढली नाही. जवळच्याच पॉन्टे विड्रा क्लबला हर्बर्ट स्ट्राँग यांनी आधीच बांधलेलं बेटावरचं ग्रीन होतं.

ॲलिस डाय यांचं नाव तुझ्या सेमिनारमध्ये ठळक घे. त्या स्वतः उत्तम गोल्फर होत्या. अमेरिकेची ज्येष्ठ महिला हौशी स्पर्धा १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोनदा जिंकल्या. गोल्फ मैदानांच्या आरेखनकारांच्या अमेरिकन संस्थेत सदस्य झालेली पहिली स्त्री त्याच, आणि पुढे अध्यक्षही. सतराव्यावर आणखी एक गोष्ट त्यांनी वाचवली. पीटने ग्रीनची मागची बाजू पाण्याकडे उतरती केली होती. ॲलिसने सांगितलं, वारा असेल त्या दिवशी कोणाचाच चेंडू थांबणार नाही, पहिलाच खेळाडू तिथे अडकून राहील. मग ती बाजू उचलली. साइटवर उतार एकीकडे चुकला की सगळं काम अडतं, हे मी कालव्यावर कितीदा अनुभवलंय.

मापं लिहून घे. टी (पहिला फटका मारायची जागा) ते ग्रीन १३७ यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर. ग्रीन साधारण चार हजार चौरस फूट, आपल्याकडच्या दीड हजार फुटांच्या प्लॉटसारखे पावणेतीन प्लॉट. पुढे उजवीकडे एक चिमुकला बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आणि मागून यायला गवताची अरुंद वाट. बस. जगातले निवडक खेळाडू सव्वाशे मीटरवरून पावणेतीन प्लॉटवर चेंडू ठेवायला घाबरतात. २००५ मध्ये बॉब ट्वेने इथे एका होलला १२ फटके घेतले. २००७ मध्ये पहिल्याच दिवशी ५० चेंडू पाण्यात गेले. अंतर काहीच नाही. पण पाण्यात पडलं की परतीची वाट नाही, आणि पुढे अठराव्या होलला सबंध डावी बाजू पुन्हा पाणीच आहे. सोळावं, सतरावं, अठरावं, तिन्हींवर पाणी. शेवटच्या तासाचा ताण असा मातीनेच बांधून ठेवलाय.

खेळाडूंच्या रागाचं म्हणशील तर तो खरा होता. १९८२ मध्ये स्पर्धा पहिल्यांदा इथे झाली. ग्रीन इतकी कडक आणि चढउताराची होती की चांगला फटकाही घरंगळून जायचा. जेरी पेट नारिंगी चेंडूने खेळून जिंकला आणि अठराव्याशेजारच्या तळ्यात त्याने आधी बीमन आणि डाय यांना ढकललं, मग स्वतः उडी मारली. पण तक्रारी थांबल्या नाहीत, आणि डाय यांनी पुढे ग्रीनचे उतार सौम्य केले. मला ही गोष्ट आवडते. आपलं काम वापरणारा माणूस सांगतोय तर ऐकायचं. निचराही पहिल्या फटक्यात साधला नव्हता. २००६ मध्ये गवत आणि सेंद्रिय थर खरवडून काढून खाली वाळू घातली, ग्रीनखाली हवा आणि ओल ओढणारी यंत्रणा बसवली. तू २०२२ मध्ये जो पाऊस पाहिलास, तो या सगळ्यानंतरचा. विचार कर, त्याआधी काय होत असेल.

शेवटचं, माझ्या अनुभवातलं. नोकरीच्या पाचव्या वर्षी एका गावतलावाच्या पाळीसाठी आम्ही मुरूम काढला. बॉरो एरिया, म्हणजे भरावासाठी माती काढायची जागा, गावापासून जेमतेम शंभर मीटरवर होता, कारण लीड वाचत होती. काम संपलं, बिल निघालं, खड्डा तसाच राहिला, कडा उभ्या. जुलैत तो भरला. एका घरची दुभती म्हैस त्यात उतरली ती वर आलीच नाही. त्या घरची बाई कार्यालयात येऊन काही न बोलता बसून राहिली. मी तिला काय सांगणार होतो? खोदलेल्या जागेचं पुढे काय, हा रकाना आमच्या अंदाजपत्रकात नव्हताच. सॉग्रासच्या उतारावर बसलो होतो तेव्हा मला तीच बाई आठवत होती. तिथे खड्डा उरला तेव्हा कोणीतरी थांबून विचारलं, याचं काय करू या? तुझ्या सरांना सांग, सिव्हिल इथे आहे.

---

हरळीवाला

ताई, काकांनी मातीचं सांगतलं, मी गवताचं सांगतो. नागपूरबाहेरच्या एका गोल्फ मैदानावर नऊ वर्षांपासून माळीकाम करतो.

गोल्फवाले ज्याले बर्म्युडा म्हणते ना, ते आपली हरळीच हाय. गणपतीले वाहतो ते दूर्वा. माह्या बापानं जलमभर वावरातली हरळी खंदली. काळ्या मातीत तिचे कांडे हातभर खोल जाते, बोटभर तुकडा राह्यला का पुन्हा धुऱ्यावरून वावरात हजर. तीच हरळी मी आता दररोज सकाळी पाच वाजता उठून जपतो. बाप मैदान पाहाले आला तवा ग्रीनवर हात फिरवून गप्प उभा राह्यला होता. म्हणे, इतकी बारीक हरळी मी कधी पाह्यली नाई.

सॉग्रासच्या ग्रीनवर २०१६ च्या कामात टिफईगल नावाची जात लावली. टिफ म्हणजे जॉर्जिया राज्यातलं टिफ्टन गाव, तिथं ह्या जाती निघाल्या. आपली हरळी अन् आफ्रिकेतली तिची एक बारीक पानाची बहीण, दोघींचा संकर. तीन मिलिमीटरच्या आसपास कापली तरी जगते. पण थंडी लागली का पिवळी पडून झोपते. म्हणून मार्चातल्या स्पर्धेसाठी तिच्यावर थंडीत हिरवं राहणारं दुसरं गवत पेरते, तो हिरवा रंग त्याचा. मधात २००७ ते २०१८ स्पर्धा मे महिन्यात व्हायची, तवा खरी हरळी जागी राहे. काका मार्चात गेले होते, म्हणजे त्यांनी ते वरून पेरलेलं गवत पाह्यलं.

आता काळ्या मातीचं. आमच्या इथं एक ग्रीन पह्यले सरळ काळ्या मातीवरच केलं होतं. पावसात फुगलं, एप्रिलात भेगा पडल्या. भेग इतकी का चेंडू आत जाऊन बसे. नागपूरचा उन्हाळा तुमाले मालूम हाय. मग सारं खंदून काढलं. खाली पाइप, त्यावर चार इंच गिट्टी, त्यावर बारा इंच वाळूचा थर. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची ही रीत १९६० पासून चालू हाय. मले आधी समजे नाई का वाळूतून पाणी सरसर निघून जाईन तर मुळ्या काय पिईन. पण बारीक वाळू अन् जाड गिट्टी जिथं भेटते ना, तिथं पाणी थांबून राह्यते. वरची वाळू पुरी भिजल्याबिगर खाली उतरत नाई. जोराचा पाऊस आला का सारं एकदम निघून जाते. हे तुमच्या सेमिनारात नक्की टाका. एका काचेच्या बरणीत वाळू-गिट्टी भरून सरांपुढंच पाणी ओतून दाखवा. मी आमच्या नव्या पोरांले असंच शिकवतो.

---

सारसांच्या_जिल्ह्यातून

माहिती चांगली आहे, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. मी गोंदियाचा. दरवर्षी जूनमध्ये सारस गणनेला जातो. महाराष्ट्रात सारस क्रौंच आता फक्त आमच्या भागात उरलेत, तेही बोटांवर मोजण्याइतके, आणि ते जगतात याच "पडीक" पाणथळीवर आणि धानाच्या बांध्यांत. वर लिहिलंय "४१५ एकर दलदल एका डॉलरला". दलदलीची किंमत एक डॉलर का ठरते? कारण तिथे राहणाऱ्यांना सातबारा नसतो. आपल्याकडे २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत, तरी तलावाच्या काठावर भराव पडतोच. तुमच्या सेमिनारमध्ये निचरा म्हणजे निव्वळ यश असं येऊ नये, एवढीच कळकळ. शिवाय मे महिन्यात टँकरवर जगणाऱ्या गावांच्या शेजारी हिरवीगार मैदानं बघून माझा जीव तुटतो.

---

निवृत्त_कालवेवाला

तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी दलदलीचं वर्णन साप, मगरी आणि सडका गाळ असं केलं. ते खोदणाऱ्याच्या नजरेतून आलं. तिथे राहणाऱ्याच्या नजरेतून तसं लिहिता आलं नसतं. सॉग्रासचं कौशल्य मी मातीच्या हिशेबात सांगितलं. आज तशीच जागा समोर आली तर मी स्वतः भराव टाकायला सही करणार नाही. गोंदियाचे मालगुजारी तलाव मी पाहिले आहेत. तिथे पाळ एका बाजूलाच असते, दुसरी बाजू उथळ, पसरट, मोकळी. पाणी हळूहळू मागे सरतं आणि त्या ओल्या पट्ट्यात पक्षी उतरतात. सॉग्रासच्या तळ्यांना तशी उथळ बाजू फार थोडी. सतराव्याला तर चहूकडून उभी लाकडी भिंत. बेडकालाही वर चढता येणार नाही. हा फरक सेमिनारमध्ये दोन छेद शेजारी-शेजारी काढून दाखवता येईल.

पाण्याबाबत एवढंच सांगतो की नागपूरनेच एक वाट दाखवली आहे. भांडेवाडीचं सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. त्यामुळे तितकं धरणाचं पाणी वाचतं. मैदान ठेवायचंच असेल तर अशाच पाण्यावर ठेवावं, नाहीतर ठेवू नये. टँकर चालू असलेल्या तालुक्यात ताजं पाणी गवतावर ओतायला कोणतंही आरेखन कारण होऊ शकत नाही.

हरळीवाले भाऊ, तुमची बरणी अप्रतिम. मला चौतीस वर्षांत इतक्या सोप्या रीतीने कोणी फिल्टर समजावून सांगितला नव्हता.

---

सिव्हिल_तिसरं_वर्ष

काका, भाऊ, दादा, तिघांचेही मनापासून आभार. रविवारी काटोलला गेले होते. तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. म्हशीचं आलं तिथे आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

मग बाबा म्हणाले, चल, आपल्या गावची खदान दाखवतो. रस्त्यासाठी मुरूम काढलेला जुना खड्डा आमच्या वावरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. कॉलेजातून लेव्हल आणता आली नाही, म्हणून गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून पातळी घेतली. टेपने मापं घेतली. सुमारे ४० मीटर लांब, २८ रुंद, सरासरी ३ मीटर खोल. म्हणजे तीन हजार तीनशे साठ घनमीटर मुरूम इथून गेला. बाबांना तो आकडा सांगितला तर ते म्हणाले, "म्हणजे आपला अख्खा रस्ता या खड्ड्यात होता."

आणि मध्ये एक गोष्ट दिसली. खड्ड्याच्या ऐन मधोमध मातीचा एक खांब उभा आहे, माथ्यावर मूळ जमिनीचं गवत अजून तसंच. तळाला थोडं पाणी साचलंय, त्यामुळे तो बेटासारखा दिसतो. बाबा तरुणपणी रोजगार हमीच्या कामावर जायचे. ते म्हणाले, याला आम्ही साक्षीदार म्हणायचो, किती खोल खणलं ते याच्यावरून मोजायचे. काका, खात्यात याला काय म्हणतात? पुस्तकात सापडलं नाही. मी फोटो काढलाय.

बरणी तयार झाली आहे. वाळू कन्हानची घेतली, धुवून चाळून. पाणी खरंच गिट्टीच्या तोंडाशी अडतं. तीनदा ओतून पाहिलं.

---

निवृत्त_कालवेवाला

मटाम. मोजमाप पुस्तकात नोंद होऊन सही होईपर्यंत तो हलवायचा नसतो. तुझ्या गावचा कोणीतरी हलवायला विसरला. तो फोटो सतराव्याच्या फोटोशेजारी लाव, खाली काही लिहू नको.

एक काम मात्र सेमिनारच्या आधी कर. तीन मीटर खोल म्हणतेस, आणि फोटोवरून कडा उभ्या असतील तर बाबांना सांग, ग्रामपंचायतीशी बोलून पावसाआधी एका बाजूने उतार करून घ्या. एकास चार पुरे, म्हणजे एक मीटर खोलीला चार मीटर आडवं. जेसीबीने होण्यासारखं काम आहे. गुरं उतरली तरी वर येतील, आणि गोंदियाच्या भाऊंनी म्हटलेले पक्षीही उतरतील. माती कुठे टाकायची हा प्रश्न येईल. पाण्याच्या येणाऱ्या बाजूला टाकू नका, खालच्या अंगाला पाळीसारखी लावा. मापं पाठव, छेद मी काढून देतो.